दुरुस्तीच्या हक्काचे कायदे आणि लॅमिंग्टन रोडवरचा फोन

प्रश्न थोडक्यात असा: फोन साडेतीन वर्षांचा, डिस्प्ले फुटलेला, बॅटरी दुपारपर्यंतच टिकते. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा आकडा ऐकला की नवाच फोन घ्यावासा वाटतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एकाच कामाचे तीन भाव सांगतात आणि वर ‘मेसेज येईल, पण फोन चालेल’ असंही ऐकवतात. युरोप-अमेरिकेत दुरुस्तीच्या हक्काचे कायदे झाले, म्हणजे सुटे भाग आणि माहिती बाहेरही द्यायला कंपन्यांना भाग पाडणारे, त्यांचा इथल्या गिऱ्हाइकाला काही उपयोग आहे का?

आहे, पण अर्धाच. हे कायदे ‘जुना पार्ट काढा, नवा बसवा’ एवढी दुरुस्ती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. मुंबईच्या कारागिराचं खरं पाणी दिसतं ते बोर्डावर, म्हणजे फोनच्या मुख्य सर्किटवर, जिथे तांदळाच्या दाण्याहून लहान कपॅसिटर बदलून मेलेला फोन उठवतात. त्या कामापर्यंत कायदा फारसा पोचलेला नाही. डिस्प्ले, बॅटरी आणि सॉफ्टवेअर अपडेट या तीन बाबतींत मात्र त्याची झळ किंवा फायदा इथपर्यंत येतो, कारण पुष्कळदा फोनही तोच असतो आणि त्यातलं सॉफ्टवेअरही तेच.

आधी आपल्याकडचं. भारतात दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा अजून नाही. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं ठरवली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. पोर्टलवर कंपन्यांनी आपापली माहिती टाकायची, ती स्वखुशीने. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’चा अहवाल दिला. वस्तू दुरुस्तीला किती सोपी, याचे गुण खरेदीच्या वेळीच ग्राहकाला दिसावेत अशी ती कल्पना. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून दहापैकी गुण छापले जाऊ लागले, तोच धागा. पार्ट दाबून ठेवण्याविरुद्ध आपल्याकडे काहीच हत्यार नाही असं मात्र नाही. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना, सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून, एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. म्हणजे स्पर्धा कायद्यात ती ताकद आहे. मोबाइलच्या बाबतीत तसा मोठा आदेश झालेला नाही, इतकंच.

आता युरोप, कारण सगळ्यात तपशिलात नियम तिथे लिहिले गेले. स्मार्टफोन आणि टॅब्लेटचे इकोडिझाइन नियम (वस्तू टिकाऊ आणि दुरुस्त होण्याजोगी हवी असे) २० जून २०२५ पासून लागू आहेत. मॉडेल बाजारातून बंद झाल्यावरही ७ वर्षं सुटे भाग द्यायचे. पहिली ५ वर्षं मागणीनंतर ५ कामाच्या दिवसांत, पुढची २ वर्षं १० दिवसांत. डिस्प्ले, मागचं कव्हर, सिम ट्रे हे सामान्य ग्राहकालाही विकायचे. कॅमेरा, चार्जिंग पोर्ट, स्पीकर, माइक, बटणं हे व्यावसायिक दुरुस्तीवाल्याला. बॅटरी ८०० चार्ज-चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखणारी हवी. मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान ५ वर्षं ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट पुरवायचे. याशिवाय २०२४/१७९९ क्रमांकाचा निर्देश आहे. तो सदस्य देशांनी ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचा आहे. हमीच्या काळात ग्राहकाने बदलीऐवजी दुरुस्ती निवडली तर हमी एक वर्षाने वाढते, आणि पार्टची किंमत ‘वाजवी’ असावी, असं तो सांगतो.

हा ‘वाजवी’ शब्दच सगळ्यात पोकळ. आकडा कुठेच नाही. पार्ट मिळेल, पण फोनच्या निम्म्या किमतीला मिळाला तर गिऱ्हाईक नवा फोनच घेणार. सुटे पार्ट न देता ‘असेंब्ली’ देण्याचाही प्रकार आहे. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्याच्या कायद्यात शेवटच्या टप्प्यात हीच पळवाट ठेवली गेली: सुटा पार्ट हाताळताना इजा होण्याचा धोका असेल तर कंपनी अख्खी जोडणी देऊ शकते. कॅलिफोर्नियाचा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि त्यात १०० डॉलर किंवा त्याहून महागड्या वस्तूंना ७ वर्षं पार्ट देण्याची अट आहे. ओरेगॉन राज्याचा मात्र वेगळा. त्याने ‘पेअरिंग’ला, म्हणजे पार्ट आणि फोन यांची जोडी बांधून टाकण्यालाच, हात घातला.

तुमच्या ‘मेसेज येईल’ची गोम याच पेअरिंगमध्ये आहे. डिस्प्ले, बॅटरी, कॅमेरा यांच्या आत एक छोटी चिप असते आणि तिच्यात पार्टचा अनुक्रमांक असतो. फोन सुरू होताना मदरबोर्ड तो क्रमांक वाचतो आणि कारखान्यात नोंदलेल्या क्रमांकाशी ताडतो. जुळला नाही तर पार्ट अस्सल असला तरी ‘अज्ञात पार्ट’ अशी सूचना येते आणि काही सोयी बंद होतात. आयफोनमध्ये एक्सएस-एक्सआरपासून बॅटरीला, ११ पासून डिस्प्लेला आणि १२ पासून कॅमेऱ्याला ही सूचना आहे. फेस आयडीचं तर आणखी कडक: तो संच आणि बोर्ड यांची जोडी तुटली की चेहरा ओळखणं बंद. याआधी होम बटण बाहेर बदललेले आयफोन ६ अपडेटनंतर ‘एरर ५३’ दाखवून ठप्प झाले होते, आणि त्या प्रकरणात ऑस्ट्रेलियात अ‍ॅपलला २०१८ मध्ये ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

ओरेगॉनने १ जानेवारी २०२५ नंतर बनलेल्या उपकरणांत पेअरिंग वापरून दुरुस्ती अडवायला मनाई केली. त्याच सुमारास आयफोनचं आयओएस १८ हे सॉफ्टवेअर आलं. त्यात बदललेला पार्ट फोनवरच जुळवून घेण्याची सोय आली, आणि बाहेरच्या बॅटरीचीही ‘हेल्थ’, अज्ञात अशा शेऱ्यासह का होईना, दिसू लागली. हा बदल सॉफ्टवेअरचा असल्यामुळे ग्रँट रोडच्या गल्लीतल्या फोनवरही तोच आला. इथे कायदा न होता मिळालेला हा सगळ्यात ठोस फायदा. त्याच्या जोडीला एक अडचणही आली: कोणाच्या तरी खात्याला लॉक असलेल्या फोनमधून काढलेला पार्ट आता जुळवता येत नाही. चोरीच्या फोनचे पार्ट अडतात हे चांगलंच, पण मालकाने लॉक न काढता भंगारात दिलेल्या फोनचे पार्टही त्याच चाळणीत अडकतात. पुल-आउट, म्हणजे दुसऱ्या फोनमधून काढलेला अस्सल पार्ट घेताना म्हणूनच तो लॉकमुक्त फोनमधला आहे का, हे दुकानदाराला विचारायचं.

मुंबईत पेअरिंगवर तोडगा अर्थातच आधीपासून आहे. जुन्या डिस्प्लेची आयसी, म्हणजे चिप, उचलून नव्या पॅनेलच्या फ्लेक्सवर (लवचीक केबलवर) बसवतात, म्हणजे बोर्डाला जुनाच डिस्प्ले आहे असं वाटतं आणि मेसेज येत नाही. बॅटरीत जुन्या बॅटरीचा बीएमएस, म्हणजे वरची छोटी सर्किट पट्टी, कापून नव्या सेलला स्पॉट वेल्ड करतात. काम हुशारीचं आहे, पण बॅटरीच्या बाबतीत ते करून घेऊ नये. बीएमएसमध्ये जुन्या सेलचा हिशेब भरलेला असतो. नव्या सेलची क्षमता वेगळी असली की टक्केवारी उड्या मारते आणि फोन २० टक्क्यांवरच बंद पडतो. वेल्ड जास्त वेळ लागला तर टॅबजवळचं सील गरम होऊन सेल फुगतो. आणि सेकंडहँड फोन घेणाऱ्याला काहीच कळत नाही. डिस्प्लेची आयसी हलवणं त्या मानाने निरुपद्रवी. ते केलं असेल तर बिलावर लिहून घ्यावं एवढंच.

लॅमिंग्टन रोडवरचे तीन भाव का, तेही समजून घ्या. ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’, म्हणजे काच, टच आणि पॅनेल एकत्र, वेगवेगळ्या दर्जाचे असतात. सगळ्यात स्वस्त ‘इनसेल’, म्हणजे ओएलईडीच्या (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणाऱ्या पॅनेलच्या) जागी बसवलेला, मागून प्रकाश लागणारा एलसीडी. त्याच्यावर ‘हार्ड ओएलईडी’: काचेवर घडवलेलं पॅनेल, पडलं की लवकर जातं. मग ‘सॉफ्ट ओएलईडी’, मूळ पॅनेलसारखा लवचीक. त्याच्या वर पुल-आउट आणि शेवटी कंपनीचा सीलबंद पार्ट, ज्याला काही ब्रँडमध्ये ‘सर्व्हिस पॅक’ म्हणतात. इनसेल ओळखायची खूण सोपी: अंधाऱ्या जागी पूर्ण काळं चित्र लावा. एलसीडी असेल तर काळा भाग राखाडी उजळलेला दिसतो, खरा ओएलईडी विझलेल्यासारखा दिसतो. इनसेल जाड असल्यामुळे कडेला बोटाला पायरी लागते. फोनमध्ये स्क्रीनखालचा ऑप्टिकल फिंगरप्रिंट असेल तर इनसेल लावूच नका, एलसीडीच्या मागच्या थरातून तो वाचता येत नाही. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

फक्त वरची काच तडकली असेल आणि चित्र, टच ठीक असेल तर ‘ग्लास चेंज’ स्वस्तात होतं. गरम पाट्यावर गोंद मऊ करून बारीक तारेने काच कापतात आणि ओसीए नावाच्या पारदर्शक चिकट फिल्मने नवी काच व्हॅक्यूममध्ये चिकटवतात. सपाट स्क्रीनला हे जमतं. वळलेल्या कडांच्या स्क्रीनला सहसा नको, कडेला हवेचे बुडबुडे राहतात आणि तार पॅनेलला घासली की हिरवी उभी रेघ येते, ती कायमची. कायद्याच्या यादीत मात्र नुसती काच नाहीच, ‘डिस्प्ले’ हा एकच पार्ट आहे. त्यामुळे युरोपातल्या अधिकृत दुकानात चांगलं पॅनेलही काचेबरोबर फेकलं जातं. या बाबतीत लॅमिंग्टन रोड कायद्याच्या पुढे आहे.

बोर्डाच्या दुरुस्तीतही तसंच. युरोपीय नियमांत दुरुस्तीवाल्याला बिघाड शोधण्यापुरत्या बोर्डाच्या आकृत्या द्यायला सांगितलं आहे, पण सुट्या पार्टच्या यादीत चार्जिंग आयसी किंवा पॉवर आयसी (बोर्डभर वीज वाटणारी चिप) नाही. कित्येक चिप एकाच कंपनीसाठी बनतात आणि खुल्या बाजारात मिळत नाहीत. मग त्या स्क्रॅप बोर्डावरून उचलाव्या लागतात. आकृत्याही इथे वर्गणीच्या सॉफ्टवेअरमधून बघतात, त्या कंपनीने दिलेल्या नसतात. अधिकृत सेंटरला मात्र आख्खा बोर्ड बदलायचं धोरण असतं, आणि बोर्ड बदलला की आतले फोटो-संपर्क गेले, कारण साठवण त्याच बोर्डावर एन्क्रिप्ट केलेली असते.

मेलेल्या फोनचं निदान कसं होतं हे माहीत असलं तर दुकानदाराच्या बोलण्यात किती अर्थ आहे ते कळतं. बॅटरी काढून डीसी सप्लायवर सुमारे ४ व्होल्ट देतात. पॉवर बटण दाबण्याआधीच अँपिअर (करंट) उठला तर मेन लाइन, म्हणजे बॅटरीकडून येणारी मुख्य वाट, शॉर्ट. दाबल्यावर उठून अडकला तर पॉवर आयसीतून निघणारी एखादी दुय्यम लाइन. अजिबात हलला नाही तर बटण, कनेक्टर किंवा खुद्द पॉवर आयसी. शॉर्ट शोधायला बोर्डावर रोझिनचा (राळेचा) पांढरा धूर धरतात आणि त्या लाइनमध्ये १ व्होल्टच्या खालून सुरुवात करून हळूहळू करंट सोडतात. जिथे रोझिन वितळतं तो कपॅसिटर शॉर्ट. नेहमीची चूक म्हणजे घाईत ४ व्होल्ट सोडणं. प्रोसेसरच्या लाइन १ व्होल्टच्या आसपास चालतात. तिथे ४ गेले की प्रोसेसर जळतो आणि त्याच्याबरोबर डेटाची किल्लीही. ‘बघतो, ठोकून देतो’ म्हणणाऱ्याला डेटा महत्त्वाचा असलेला फोन देऊ नये.

पावसाळ्यात हा प्रश्न दर आठवड्याला येतो, म्हणून त्याचंही. पाण्यात गेलेला फोन तांदळात ठेवून उपयोग नाही. पाणी वाळलं तरी क्षार राहतात, आणि बॅटरी जोडलेली असेपर्यंत शील्डखाली (चिपांवरच्या धातूच्या झाकणाखाली) गंज चढत राहतो. चार्ज लावू नका, बंद करा, शक्य तितक्या लवकर उघडून घ्या. पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. मग शील्ड काढून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश, गरज पडली तर बॅटरी, डिस्प्ले आणि कॅमेरे बाजूला काढून नुसता बोर्ड काही मिनिटं अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये. एकदा उघडलेल्या फोनचं पाण्या-धुळीपासूनचं आयपी ६७ किंवा ६८ संरक्षण कारखान्यासारखं उरत नाही. मॉडेलची कापीव चिकट गॅस्केट (कडेची सीलपट्टी) बसवली तर बऱ्यापैकी राहतं. ट्यूबमधला गोंद कडेने फिरवला तर ते धरूच नका.

बॅटरीचं उरलेलं थोडक्यात. बाहेरची बॅटरी घेताना तिच्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, मानक क्रमांक आयएस १६०४६ आणि ‘आर-’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर जागच्या जागी तपासता येतो. ‘डबल पॉवर’ छापलेल्या बॅटऱ्या टाळा. तेवढ्याच आकारात दुप्पट क्षमता मावत नाही. १८ फेब्रुवारी २०२७ पासून युरोपात बहुतेक उपकरणांच्या बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता येतील अशा कराव्या लागणार आहेत. तशी चाहूल डिझाइनमध्ये दिसते. आयफोन १६ मध्ये बॅटरीचा गोंद ९ व्होल्टचा पुरवठा दिला की साधारण दीड मिनिटात सुटतो. पूर्वी पट्ट्या ओढताना तुटायच्या आणि मग पत्ती घालून बॅटरी उकरावी लागायची, तिथेच ती भोसकली जायची. जुन्या फोनची बॅटरी काढायला देताना चार्ज २५ टक्क्यांच्या खाली असू द्या. भोसकली गेलीच तर आग कमी भडकते.

अपडेटचा फायदा फारसा कोणी मोजत नाही, पण सेकंडहँड बाजारासाठी तो मोठा आहे. हार्डवेअर ठणठणीत असलेला फोन बँकेचं अ‍ॅप चालेनासं झालं की कवडीमोल होतो. पिक्सेल ८ (२०२३) आणि गॅलेक्सी एस२४ (२०२४) यांना ७ वर्षांचे अपडेट जाहीर झाले, ते भारतातही. स्वस्त फोनांत मात्र मॉडेलगणिक फरक असतो. तुमच्या मॉडेलला अजून किती वर्षं आहेत ते आधी बघा. एक वर्षाहून कमी उरलं असेल तर महागडा अस्सल डिस्प्ले घालू नका.

जाता जाता, वॉशिंग मशीनचंही असंच आहे. युरोपात तिचे पार्ट १० वर्षं देण्याचा नियम मार्च २०२१ पासून आहे. पण फ्रंट लोडचं ६२०५ किंवा ६२०६ बेअरिंग नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतं; अडतं ते वेल्ड करून बंद केलेल्या टबमुळे. नवं मशीन घेताना टब स्क्रूने जोडलेला आहे का, हे विचारायचं. विक्रेत्याला बहुधा माहीत नसतं, मेकॅनिकला असतं.

तर तुमच्या फोनचं. अपडेट दोन वर्षांहून जास्त उरले असतील तर डिस्प्ले सॉफ्ट ओएलईडी किंवा पुल-आउट आणि बॅटरी नोंदणी क्रमांकाची, दोन्ही एकाच वेळी; एकदाच उघडणं, एकच नवी गॅस्केट. फोन देताना पासकोड सांगू नका. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे, तो लावून द्या. बिलावर आयएमईआय, पार्टचा दर्जा (नुसतं ‘ओरिजिनल’ नको, कुठल्या प्रकारचा ते), पार्टची हमी किती दिवस, मेसेज येणार की नाही, आयसी हलवली का, हे सगळं लिहून घ्या आणि जुना डिस्प्ले परत मागा. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार आलीच तर आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर, मग ग्राहक आयोगाकडे ‘ई-जागृती’ पोर्टलवर ऑनलाइन, ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं.

काउंटरवरून हलण्याआधी प्रत्येक कडेला बोट ओढून टच बघा, कॉल लावून कानाजवळ स्क्रीन बंद होतो का, दोन्ही कॅमेरे आणि चार्जिंग बघा. डिस्प्ले गोंदाने चिकटवला असेल तर पूर्ण घट्ट व्हायला चोवीस तास लागतात. तेवढा वेळ फोन जीन्सच्या खिशात कोंबून विरार लोकलमध्ये चढू नका.